पोलो १.० टीएसआय : बूस्ट वाढवायचा की नाही?

घाटवेडा
माझी २०२० ची फोक्सवॅगन पोलो १.० टीएसआय (टर्बो पेट्रोल), मॅन्युअल. मूळ ताकद ११० पीएस, टॉर्क १७५ एनएम. इंटरकूलर (टर्बोने तापलेली हवा थंड करणारा) मोठा बसवलाय, डाऊनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप) बिनाकॅटचा, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवायचा आहे. आता रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम (मॅप) बदलून, बूस्ट (टर्बो हवा कोंबतो तो जादा दाब) वाढवायचा आहे. माझं मत ठाम आहे: नीट केलं तर यात धोका नाही. याच तीन सिलिंडरच्या इंजिनातून परदेशात 'अप जीटीआय'ला ११५ पीएस आणि २०० एनएम मिळायचे. म्हणजे कंपनीनेच जागा ठेवली आहे. विरोध असेल तर कारणासकट सांगा. नुसतं "इंजिन बसेल" नको.

विमावाला
इंजिन टिकेलही. कागदांचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं: बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरने गाडीखाली वाकून तुमचा डाऊनपाइप पाहिला की क्लेम अडकलाच समजा. शिवाय कॅट काढलेल्या गाडीचा धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या नाकात जातो. तो तुमच्या हौसेत सामील नाही.

पिंपरीचा ट्यूनर
घाटवेडा, रीमॅप करता येतो, पण तुम्ही दिलेलं कारण मला पटत नाही. कंपनी जी जागा ठेवते ती मे महिन्याच्या उन्हासाठी, भेसळीच्या पेट्रोलसाठी आणि उंचीसाठी. बूस्ट वाढवला की तीच जागा आपण वापरून टाकतो.

उंचीचंच घ्या. समुद्रसपाटीला १.२ बार बूस्ट म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या आणि त्यात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचं गुणोत्तर २.२. महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. तेवढीच हवा इंजिनात कोंबायची तर गुणोत्तर २.५५ च्या पुढे जातं. छोटा टर्बो जास्त वेगाने फिरतो, हवा जास्त तापते. ज्या मॅपमध्ये उंचीप्रमाणे बूस्ट उतरवलेला नाही तो सपाटीवर छान चालतो आणि घाटात टर्बोचा जीव काढतो.

यापेक्षा मोठा धोका खालच्या आरपीएमला आहे. बाजारात मॅप विकला जातो तो टॉर्कच्या आकड्यावर, आणि तो आकडा २,००० आरपीएमला काढलेला असतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या लहान टर्बो इंजिनात ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटण्याचा प्रकार तिथेच होतो. सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइल-पेट्रोलचा थेंब निमित्त ठरतो, आणि एका जोरदार झटक्यात पिस्टनची रिंग बसते ती जागाच फुटू शकते. नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी फुटल्याचा ठोका पकडणारा) तेव्हा काही करू शकत नाही. तो टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, पण इथे पेटवलंय ठिणगीने कुठे? म्हणून एपीआय एसपी दर्जाचं (असं आधीच पेटणं रोखण्याची चाचणी झालेलं) ऑइल घाला, आणि सहाव्या गिअरला १,५०० वर पाय दाबून धरू नका.

मी असा मॅप करतो: टॉर्क २०० एनएमला थांबवायचा, कारण तुमचा एमक्यू२०० गिअरबॉक्सही त्याच मापाचा आहे. खालच्या आरपीएमला टॉर्कचा चढ हळू ठेवायचा आणि वरच्या आरपीएमला तो पडू द्यायचा नाही. २०० एनएम ४,५०० पर्यंत टिकला तरी तिथेच १२८ पीएस होतात. पाठीला धक्का कमी बसतो, गाडी मात्र खरोखर पळते.

घाटवेडा
२०० ची मर्यादा पटली. पण मग १०० ऑक्टेनचा (अवेळी न पेटणाऱ्या महागड्या पेट्रोलचा) मॅप घेतला तर आणखी वर जाता येईल ना?

नाशिककर
पुण्या-मुंबईत मिळेल ते पेट्रोल. कोकणात उतरल्यावर कुठल्याशा फाट्यावरच्या पंपावर काय कराल? मॅप आपल्या वाटेवर हमखास मिळणाऱ्या पेट्रोलवरच करावा.

आणि लॉग (गाडी चालवताना सेन्सरच्या आकड्यांची नोंद) घ्या. तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ६,०००, पूर्ण थ्रॉटल, मोकळा रस्ता, लॅपटॉप शेजारच्याकडे. इनटेक हवेचं तापमान, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, सिलिंडरनिहाय टायमिंग पाहा. माझ्या गाडीत कसारा घाटात दुपारी एकाच सिलिंडरचं टायमिंग सारखं ४-५ अंश मागे जात होतं. ट्यूनरकडे लॉग पाठवला, त्याने वरच्या आरपीएमचा बूस्ट उतरवला, आकडे शांत झाले. डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) हे दिसलं नव्हतं, कारण तिथे समोर भलामोठा पंखा होता. लॉग न बघता "फाइल टाकून देतो" म्हणणाऱ्याच्या दारात गाडी नेऊ नका.

दोन लेकरांचा बाप
सगळे इंजिनावर बोलताहेत. ब्रेक फ्लुइड कधी बदललंत? टायर किती जुने? उताराला गाडी थांबवणार कशाने? माझ्या मते रस्त्यावर ११० पीएस पुरे आहेत. हौस असेल तर कोईमतूरच्या करी रेस ट्रॅकवर जा.

पिंपरीचा ट्यूनर
ब्रेकबद्दल शंभर टक्के सहमत. पॅड आणि फ्लुइड बदलल्याशिवाय मी फाइल टाकत नाही. "११० पुरे" हे मात्र पटत नाही. दुपदरी रस्त्यावर ट्रकला ओलांडताना समोरच्या लेनमध्ये जितका कमी वेळ राहाल तितकं बरं.

दोन लेकरांचा बाप
ज्याच्याकडे ताकद जास्त, तो लहान फटीतही घुसतो. वाचलेला वेळ तिथेच जातो.

घाटवेडा
ठरवलं. २०० एनएमची मर्यादा, ९५ ऑक्टेनचा मॅप, आधी ब्रेक आणि स्पार्क प्लग. कॅटवाला डाऊनपाइप परत बसवतो. रीमॅप मात्र करणार.

विमावाला
कॅट बसवल्याने धुराचा प्रश्न सुटतो, कलम ५२ चा नाही. निदान विमा कंपनीला बदल लेखी कळवा, प्रीमियम वाढला तरी चालेल. त्यांनी नकार दिला तर तोही लेखी मागा, आणि मग ती गाडी रस्त्यावर काढायची का, हे ठरवा.