काँक्रीट घट्ट होताना त्यातले पाणी नेमके कुठे जाते?

प्रश्न: जिज्ञासू, सुदामा नगर, इंदूर

नमस्कार. आमच्या वरच्या मजल्याचा स्लॅब ऐन मे महिन्यात भरला. सिमेंटच्या ५० किलोच्या प्रत्येक गोणीमागे सुमारे २५ लिटर पाणी घातले गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी पृष्ठभाग पांढरट, कोरडा आणि चालता येईल इतका कडक झाला होता, तरीही मिस्त्री रोज ‘तराई’ करायला सांगतात. काँक्रीट वाळून घट्ट होत असेल, तर वाळलेल्या स्लॅबवर पुन्हा पाणी ओतणे हे उलटे काम नव्हे काय? आणि आधीचे पाणी सगळे उन्हाने उडाले काय? सध्या टँकर विकत घ्यावा लागतो, म्हणून विचारतो.

उत्तर: निवृत्त स्थापत्य अभियंता

काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. मातीची भिंत वाळून घट्ट होते, म्हणूनच भिजली की तिचा पुन्हा चिखल होतो; सिमेंट मात्र पाण्याखालीही घट्ट होते आणि नदीतल्या पुलांचे पाये त्याच भरवशावर भरले जातात. सिमेंटमधली कॅल्शियमची सिलिकेटे पाण्याशी संयोग पावतात आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट तयार होते. वाळू, खडी आणि सळई यांना धरून ठेवणारा पदार्थ मुख्यतः हाच. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तयार होते, म्हणजे आपण पानाला लावतो तोच भिजवलेला चुना.

आता आपल्या २५ लिटरचा हिशेब पाहू. गोणीतले सगळे सिमेंट पाण्याशी संयोग पावले, तर त्यात ११ ते १२ लिटर पाणी कायमचे बांधले जाते. ते आता घन पदार्थाचाच भाग असते आणि १०५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनही त्यातले बहुतेक सुटत नाही. आणखी ८ ते १० लिटर त्या पदार्थाच्या अतिसूक्ष्म छिद्रांत धरलेले राहते. उरलेले पाणी मोठ्या पोकळ्यांत असते आणि सावकाश बाहेर पडते. अर्थात ही क्रिया पहिल्या दिवसात थोडीच होते. ती पुढे कित्येक आठवडे चालते आणि आतली आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांखाली गेली की जवळजवळ थांबते. मे महिन्यातले ऊन आणि वारा वरच्या थरातले पाणी क्रिया पूर्ण होण्याआधीच ओढून नेतात. तराई म्हणजे ही चोरी थांबवणे.

खात्री करायची असल्यास, सिमेंट आणि पाणी कालवून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करावे आणि डबा तोलावा. काही तासांनी तो हाताला कोमट लागेल, वर सुटलेले थोडे पाणी आत शोषले जाईल आणि दुसऱ्या दिवशी आतला गोळा दगडासारखा कडक झालेला असेल. वजन मात्र तेवढेच भरेल.

जिज्ञासू

आभारी आहे. मग सुरुवातीलाच जास्त पाणी घातले तर तराईचा खर्च वाचणार नाही काय?

उत्तर: बांधकाम पर्यवेक्षक, राजेंद्रनगर

मुळीच नाही, आणि छत गळण्यामागे ही समजूत अनेकदा असते. मिसळताना घातलेले पाणी जागा अडवते. जास्तीचे पाणी निघून गेले की मागे एकमेकांना जोडलेल्या पोकळ्या उरतात. ताकद कमी होते आणि पावसाळ्यात त्याच वाटांनी पाणी झिरपते. माल लवकर सरकावा म्हणून कामगार गुपचूप बादलीभर पाणी ओततात, तेव्हा मालकाने तिथे उभे असलेले बरे. स्लॅब कडक झाल्यावर दिलेले पाणी मात्र अशी जागा अडवत नाही.

आयएस ४५६ या काँक्रीटकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत १० दिवस ओलावा द्यावा. गोणीवर ‘पीपीसी’ (पोर्टलँड पोझोलाना सिमेंट, म्हणजे बहुधा राख मिसळलेले सिमेंट) लिहिले असेल, तर १४ दिवसांची शिफारस आहे. सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवण्याचा उपयोग अल्प, कारण मधल्या दुपारी पृष्ठभाग कोरडाच पडतो. त्याऐवजी स्लॅबवर मातीचे किंवा सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे बांध घालून आळी करावीत आणि त्यांत बोटभर पाणी साठवावे. तुळया आणि खांबांना ओले गोणपाट गुंडाळून त्यावर प्लास्टिक बांधावे. याने टँकरही कमी लागतील.