दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधायचे कसे? सहावीच्या वर्गासाठी हवंय

सिडकोची_बाई
नमस्कार. नाशिकला सिडकोत, मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. शेवटच्या तासाला फळ्यावर सात अक्षरं लिहिते आणि मुलं त्यातून शब्द बनवतात. काल ए, ई, आय, एन, आर, एस, टी दिली. रॅट, नेस्ट, ट्रेन धडाधड आले. मग एका मुलीनं विचारलं, "बाई, सातही अक्षरांचा शब्द होतो का?" तिला पक्कं उत्तर द्यायचंय. शिवाय 'क्यू आणि झेड दोन्ही हवेत, बाकी काहीही चालेल' असाही खेळ घ्यायचाय. वर्गात नेट नाही, शाळेत एक्सेल आहे.

पाथर्डी_फाटा
दुसरा खेळ सोपा आहे. 'एनेबल' नावाची शब्दयादी फुकट मिळते, सुमारे १ लाख ७३ हजार शब्द. घरून पेनड्राइव्हवर न्या, एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये टाका. कस्टम फिल्टरला दोन अटी लागतात: 'कंटेन्स क्यू' अँड 'कंटेन्स झेड'. क्विझ, क्वार्ट्झ, स्क्वीझ समोर येतील. फक्त एक्सेल २००७ किंवा नंतरचं हवं. २००३ मध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही, यादी अर्धवट तुटेल.

नाशिकरोडचे_आजोबा
ताई, त्या मुलीला सांगा, होतो! रिटेन्स, रेटिनाज, नॅस्टियर, तिन्हींत तीच सात अक्षरं.

पण मला वाटतं, हे शोधायचं काम मुलांनाच द्यावं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूची कार्डं कापा. प्रत्येक शब्दाची अक्षरं एबीसीडीच्या क्रमानं लावून कार्डाच्या माथ्यावर लिहायची, खाली शब्द. 'लिसन' घ्या: ई-आय-एल-एन-एस-टी. आता 'सायलेंट' लावा. माथा तोच! म्हणजे दोन्ही एकाच कार्डावर. 'टिन्सेल' पण तिथेच जातो. हे मुलाच्या हातून घडतं तेव्हा त्याचा चेहरा बघा. कार्डं माथ्याच्या क्रमानं खोक्यात उभी लावली की कुठलीही अक्षरं द्या, क्रमात लावा, कार्ड काढा.

छोटे शब्द हवेत तर एकेक अक्षर गाळून पुन्हा बघायचं. सात वेगळ्या अक्षरांतून तीन किंवा जास्त अक्षरांचे ९९ गट पडतात. वर्गात वाटून दिले तर एका तासाचं काम.

अक्षरं निवडतानाही विचार हवा. स्क्रॅबल बनवणाऱ्या आल्फ्रेड बट्सनं वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून ठरवलं कुठलं किती ठेवायचं. म्हणून १०० सोंगट्यांत ई १२, ए आणि आय ९-९, क्यू आणि झेड एकेकच. नवख्या मुलांना निदान तीन स्वर द्या, कुणी रिकाम्या हातानं बसू नये.

सिडकोची_बाई
आजोबा, कार्डांचं फारच आवडलं, सोमवारीच सुरू करते. एक शंका. फळ्यावर टी एकदाच आहे आणि मुलानं 'लेटर' लिहिलं, तर?

नाशिकरोडचे_आजोबा
'लेटर'च्या माथ्यावर ई-ई-एल-आर-टी-टी येईल, दोन ई, दोन टी. फळ्यावरची अक्षरं क्रमात लावली की टी एकदाच येतो, त्यामुळे ते कार्ड हाती लागणारच नाही. फक्त माथा लिहिताना दुहेरी अक्षर दोनदाच लिहायचं, हे पहिल्या दिवशीच पक्कं करून घ्या.