मदत हवी आहे : जुन्या एमएम ५४० जीपमध्ये बॅटरी जादा चार्ज होते आणि दिवे लावल्यावर व्होल्टेज आणखी चढते

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९३ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. प्यूजोचे डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, कापडी हूड. सातारा जिल्ह्यात पाटणच्या वरच्या अंगाला आमची शेती आहे आणि पावसाळ्यात शेवटचा चिखलाचा चढ चढून तिथे पोचणारी ही एकच गाडी घरात असल्यामुळे तिच्या विजेच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. पाऊस लागण्यापूर्वी हे काम पक्के व्हावे अशी इच्छा आहे.

बॅटरीच्या सहाही घरांतले पाणी फार लवकर खाली जाते, झाकणांभोवती सतत ओल असते, ट्रेचा रंग ॲसिडने खाल्ला आहे आणि रात्रीचा लांबचा पल्ला झाला की बॉनेट उघडताच गंधकाचा उग्र वास येतो. हेडलाइटचे बल्बही वारंवार उडतात. गाडी दोन ऑटो इलेक्ट्रिशियनना दाखवली. एकाच्या मते कटआउट, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा व्होल्टेज रेग्युलेटर, बदलायला हवा; दुसऱ्याच्या मते अल्टरनेटरच, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र, नवा बसवायला हवा. दोघांनीही मीटर फक्त बॅटरीवर लावला आणि १६ च्या जवळचा आकडा दिसल्यावर तपास तिथेच थांबवला. मी घेतलेल्या मोजमापांवरून मला ही दोन्ही निदाने पटत नाहीत, म्हणून सगळे आकडे येथे मांडत आहे.

आधी जोडणी सांगतो, कारण या वयाच्या प्रत्येक गाडीची वायरिंग तिच्या मालकांनी आपापल्या सोयीने बदललेली असते. अल्टरनेटर १२ व्होल्टचा असून रेग्युलेटर त्याच्या पोटात नाही, तो मडगार्डच्या आतल्या अंगाला वेगळा बसवलेला आहे. त्याला तीन वायरी आहेत : किल्लीनंतरच्या फ्यूजमधून येणारी पॉझिटिव्ह, अल्टरनेटरच्या फील्डकडे (त्याच्या आत चुंबकत्व तयार करणाऱ्या गुंडाळीकडे) जाणारी, आणि बॉडीला दिलेली अर्थ. यातील पहिल्या वायरीवर दुहेरी काम आहे. फील्डला लागणारा सुमारे तीन अँपिअरचा प्रवाह तिच्यातूनच येतो, आणि बॅटरीचे व्होल्टेज किती झाले हेही रेग्युलेटरला तिच्यावरूनच कळते. अल्टरनेटरची जाड वायर थेट स्टार्टरच्या बोल्टवर जाते. त्याच बोल्टवरून डॅशबोर्डकडे एकच वायर निघते आणि किल्ली व दिव्यांचा स्विच हे दोन्ही तिच्यावरच चालतात. मूळचा अँपिअर मीटर आधीच्या मालकाने काढून टाकलेला आहे.

पुढील आकडे इंजिन गरम असताना घेतले आहेत. मीटरमधला सेल नवा आहे, कारण सेल उतरला की असे मीटर खरे व्होल्टेज असते त्याहून जास्त दाखवतात. रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६५ व्होल्ट दाखवते आणि हायड्रोमीटरवर सहाही घरांचे विशिष्ट गुरुत्व १.२६ ते १.२७ च्या दरम्यान येते, म्हणजे एखादे घर मेले आहे असे दिसत नाही. मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर, दिवे बंद असताना, बॅटरीवर १४.९ व्होल्ट मिळतात. हेडलाइट आणि वायपर लावले की तेच १५.९ होतात. भार टाकल्यावर व्होल्टेज किंचित उतरावे अशी अपेक्षा असते, इथे मात्र ते पूर्ण एक व्होल्टने चढते. मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची खूण हीच वाटते.

इंजिनाचा वेग १,५०० वरून २,५०० फेऱ्यांवर नेला तरी आकडा जागचा हलत नाही. रेग्युलेटर आतून शॉर्ट झाला असता तर वेगाबरोबर व्होल्टेजही चढत गेले असते; ज्या अर्थी ते एका ठिकाणी धरून ठेवले जाते, त्या अर्थी रेग्युलेटर आपले काम करतो आहे, फक्त त्याच्यापर्यंत पोचणारी माहिती चुकीची आहे, असा माझा समज आहे. इंजिन बंद करून फील्डची वायर काढली आणि पुन्हा सुरू केले, तेव्हा चार्जिंग पूर्ण थांबले आणि बॅटरीवर १२.५ च्या आसपास आकडा राहिला. म्हणजे अल्टरनेटरच्या आत फील्डला दुसरीकडून पॉझिटिव्ह मिळत नाही. या दोन चाचण्यांनंतर अल्टरनेटर बदलण्याला मला काहीच आधार दिसत नाही.

यानंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे रेग्युलेटरच्या पॉझिटिव्ह टोकावर ठेवून मधली गळती, म्हणजे वाटेत हरवणारे व्होल्टेज, मोजली. दिवे बंद असताना ती ०.६ व्होल्ट आणि दिवे व वायपर लावल्यावर १.३ व्होल्ट आली. टप्प्याटप्प्याने पाहिले तेव्हा किल्लीच्या संपर्कांत सुमारे ०.२५ आणि फ्यूजच्या गंजलेल्या पत्त्यांत सुमारे ०.१५ व्होल्ट जातात, आणि हे दोन्ही आकडे दिव्यांमुळे बदलत नाहीत. स्टार्टरपासून डॅशबोर्डपर्यंतच्या सामाईक वायरीत मात्र दिवे नसताना ०.२ आणि दिवे लावल्यावर तब्बल ०.९ व्होल्ट जातात. दिव्यांचा सगळा प्रवाह याच वायरीतून वाहतो, त्यामुळे दिवे लागले की रेग्युलेटरपर्यंत पोचणारे व्होल्टेज घटते, बॅटरी उपाशी आहे असे समजून तो फील्ड वाढवतो आणि बॅटरी उकळू लागते. यात गाडीच्या मूळ रचनेला दोष देण्यासारखे काही नाही. तीस वर्षांचा गंज आणि मधल्या काळात टाकलेले जोड यांचा हा परिणाम आहे.

खात्रीसाठी बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १० अँपिअरच्या फ्यूजसह एक तात्पुरती वायर थेट रेग्युलेटरला दिली. व्होल्टेज ताबडतोब खाली आले : दिवे बंद असताना १४.३ आणि दिवे लावल्यावर १४.६. फरक मोठा आहे, तरीही दिव्यांमुळे ०.३ व्होल्टची चढ उरतेच, आणि पॉझिटिव्ह बाजूचा दोष पूर्ण काढून टाकल्यावर ती का उरावी हे मला समजत नाही. रेग्युलेटर खरोखरच थोडा बिघडलेला आहे का? तसेच ही थेट वायर कायमची कशी बसवावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद :

आपले निदान योग्य दिशेने चालले आहे आणि उरलेले ०.३ व्होल्टही बहुधा त्याच गणितात बसतील. रेग्युलेटर बॅटरीचे व्होल्टेज मोजत नाही. तो आपल्या पॉझिटिव्ह टोकापासून आपल्याच अर्थपर्यंतचे व्होल्टेज मोजतो. आपण त्याची एक बाजू स्वच्छ केली, दुसरी बाजू अजून तपासलेली नाही. दिव्यांचा आणि वायपरचा प्रवाह परतताना बॉडीतून इंजिनाकडे जातो, आणि इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्या दोघांना जोडणारी विणीची अर्थ पट्टी हाच काय तो खात्रीचा रस्ता असतो. पट्टी खराब असेल तर दिवे लावताच बॉडी बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षा काही दशांश व्होल्टने वर उचलली जाते, तिच्यासोबत रेग्युलेटरही उचलला जातो आणि त्याला पुन्हा व्होल्टेज कमी दिसते.

इंजिन चालू ठेवून आणि दिवे लावून मीटरचे काळे टोक बॅटरीच्या निगेटिव्ह शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नव्हे, आणि लाल टोक रेग्युलेटरच्या धातूच्या अंगावर ठेवा. ०.१ व्होल्टपेक्षा जास्त काही आले तर रेग्युलेटर बदलण्याचा विचारही करू नये. त्याच्या बोल्टखालचा रंग आणि गंज पत्रा दिसेपर्यंत घासून घ्या, आणि रेग्युलेटरच्या अंगावरून अल्टरनेटरच्या अंगापर्यंत एक स्वतंत्र अर्थ वायर टाका.

तात्पुरती वायर आहे तशी कायम ठेवू नका. किल्ली बंद असतानाही तिच्यातून फील्डला प्रवाह जात राहील, आणि तीन अँपिअरच्या हिशेबाने दहा तासांत बॅटरीतले ३० अँपिअर-तास निघून जातील. साधा चार पिनांचा १२ व्होल्टचा रिले, म्हणजे किरकोळ प्रवाहावर चालणारा स्विच, घ्या. रेग्युलेटरकडे येणारी जुनी पॉझिटिव्ह वायर रिलेच्या कॉइलला द्या, कॉइलचे दुसरे टोक अर्थ करा; बॅटरीवरून फ्यूजमार्गे आलेली नवी वायर ३० क्रमांकाच्या पिनेला आणि ८७ क्रमांकाच्या पिनेवरून निघालेली वायर रेग्युलेटरला द्या. फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ असेल तितके चांगले. किल्लीतून जाणाऱ्या जुन्या वायरीवर आता फक्त कॉइलचा किरकोळ प्रवाह राहील, त्यामुळे तिच्यातील गळतीचा रेग्युलेटरवर परिणाम होणार नाही. तरीही ०.९ व्होल्ट खाणारी ती सामाईक वायर बदलाच, कारण तेवढे व्होल्टेज उष्णता होऊन कुठल्या तरी एका जोडात जमा होत असते आणि कापडी हुडाच्या गाडीत ते धोक्याचे आहे.

चार्जिंग तपासण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचा क्लॅम्प काढण्याची जुनी सवय अजून अनेक ठिकाणी दिसते. आपण ते कोणालाही करू देऊ नये. व्होल्टेज क्षणात उसळून अल्टरनेटरचे डायोड आणि रेग्युलेटर दोन्ही जळू शकतात. शिवाय उकळत्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो, हवेत तो ४ टक्के झाला की एका ठिणगीने पेटतो, आणि क्लॅम्प काढताना ठिणगी पडतेच. घाटात कधी व्होल्टेज अचानक वर गेलेच, तर इंजिन बंद करून फील्डची वायर काढा, तिच्या टोकाला टेप लावा आणि घरी या. यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले की त्याला विजेची गरज नसते. दिवे आणि वायपर तेवढे बॅटरीवर चालतील, म्हणून शक्यतो उजेडातच निघावे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद :

मनःपूर्वक आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मोजले. रेग्युलेटरच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत दिवे बंद असताना ०.१ आणि दिवे लावल्यावर ०.४ व्होल्ट आले, म्हणजे १४.३ आणि १४.६ या दोन्ही आकड्यांतून ते वजा केले की १४.२ च उरतात. रेग्युलेटर पहिल्यापासून १४.२ वरच होता. इंजिन आणि बॉडी यांच्यातील पट्टीचा लग (टोकाची बोल्टखालची चकती) हिरवा पडला होता आणि निम्म्याहून अधिक तारा तुटलेल्या होत्या. नवी पट्टी, रेग्युलेटरची स्वतंत्र अर्थ आणि रिले बसवल्यानंतर दिवे बंद असोत वा चालू, बॅटरीवर १४.२ ते १४.३ व्होल्ट राहतात. डॅशबोर्डची वायर या आठवड्यात बदलून घेत आहे. बॅटरीने मात्र बरेच सोसले आहे. ती पावसाळाभर टिकेल की नाही हे घरच्या घरी ओळखता येईल का?

प्रतिसाद :

बऱ्याच प्रमाणात ओळखता येईल. आधी घरांतील पाणी पाहा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घाला, मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि पातळी त्यानंतरच पूर्ण करा. आधीच काठोकाठ भरले तर चार्जिंगमध्ये पातळी वाढून ॲसिड बाहेर येते आणि ट्रे पुन्हा खराब होतो. ॲसिड मात्र वरून कधीही घालू नये, कारण उकळून फक्त पाणी गेलेले असते. रात्रभर गाडी उभी ठेवून सकाळी ग्लो प्लग तापल्यावर स्टार्टर मारताना बॅटरीच्या खुंटांवर मीटर धरा. व्होल्टेज १० च्या वर राहिले आणि सहाही घरांच्या गुरुत्वात ०.०५ पेक्षा जास्त तफावत नसली तर बॅटरी चालवायला हरकत नाही. स्टार्टर मारताना आकडा ९.५ च्या खाली घसरत असेल किंवा एकच घर मागे पडत असेल, तर पाऊस लागण्यापूर्वी नवी घ्यावी.