पळण्याच्या वेळेवरून फाइटचा दम कळत नाही

पाच किलोमीटर बावीस मिनिटांत पळतो म्हणून परभणीचा तुमचा पैलवान एमएमएच्या (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालतं अशा) फाइटला तयार आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्यावरून पाया आहे एवढंच कळतं. फाइट तीन राउंडची. राउंड 5 मिनिटांचा, मध्ये 1 मिनिट विश्रांती. चाचणीही तशीच घ्या.

प्रत्येक राउंडला ताज्या दमाचा जोडीदार द्या. दोन मिनिटं पॅडवर ठोसे, दोन मिनिटं भिंतीला रेटून क्लिंच (उभ्याने मिठी घालून झटापट) आणि टेकडाऊन (खाली पाडणं), शेवटचं मिनिट खाली पाडलेल्या बॅगवर बसून ठोसे. छातीला नाडी मोजणारा पट्टा लावून राउंड संपताच हृदयाचे ठोके बघा आणि बरोबर साठ सेकंदांनी परत. पहिल्या राउंडनंतर तीसेक उतरले आणि तिसऱ्यानंतर जेमतेम पंधरा, तर दम कमी पडतोय. शेवटच्या मिनिटातले ठोसेही मोजा.

कुस्तीतून आलेल्या पोरांचं दुखणं वेगळंच. भिंतीला रेटताना श्वास कोंडतात, पकड आवळून धरतात. हात भरून येतात आणि दुसऱ्या राउंडला गार्ड, म्हणजे तोंडापुढे धरलेले हात, खाली. पाय ताजेच असतात, म्हणून पळण्यात हे दिसतच नाही.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी चाचणी घ्याल तर उन्हानेच ठोके चढलेले असतील. सकाळी सहाला, दरवेळी त्याच वेळी घ्या. वजन उतरवायला पाणी तोडलं असेल तर आकडे फुकटच. फाइटच्या बारा-चौदा दिवस आधी शेवटची चाचणी, नंतर नाही. आणि सकाळची नाडी नेहमीपेक्षा सात-आठने चढी राहिली तर सराव वाढवू नका, कमी करा.