मदत हवी आहे: प्रोटामाइन दिलं की सशाचे प्लेटलेट पडतात

फार्मसी_सोलापूर: सशाला हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध), मग प्रोटामाइन (त्यावरचा उतारा). गोठण्याचा वेळ सुधारला, पण प्लेटलेट ३.८ लाखांवरून १.३ लाखांवर. सलग तीन सशांत हेच. परवा गाइडना आकडे द्यायचेत, लवकर सांगा.

काचपट्टी: डोस किती? प्रोटामाइन किती वेळात सोडलं? नमुना कुठल्या ट्यूबमध्ये, कितव्या मिनिटाला?

फार्मसी_सोलापूर: किलोला हेपारिन ३०० युनिट, अर्ध्या तासाने प्रोटामाइन ३ मिग्रॅ, एकदम. पाचव्या मिनिटाला नमुना, हिरव्या बुचाची ट्यूब. तिथून दुचाकीवर सात रस्त्याच्या लॅबला.

काचपट्टी: हिरवं बूच म्हणजे आत हेपारिन! प्लेटलेटचे गठ्ठे होतात आणि मशीन गठ्ठा प्लेटलेट म्हणून धरत नाही. जांभळ्या बुचाची, ईडीटीए (गोठणं थांबवणारं दुसरं रसायन) असलेली ट्यूब घ्या. काचपट्टीवर रक्त ओढून पातळ टोकाला गठ्ठे शोधा.

गुरांचा_डॉक्टर: पहिला नमुनाही हिरव्याच ट्यूबचा का?

फार्मसी_सोलापूर: हो, दोन्ही.

गुरांचा_डॉक्टर: मग नुसत्या ट्यूबला दोष कसा देता? हेपारिन-प्रोटामाइनच्या जोडगोळ्या प्लेटलेटना चिकटतात, ते फुप्फुसात अडकतात, नंतर बरेचसे परततात. ही घट खरी असते.

काचपट्टी: डॉक्टर, पहिल्या नमुन्यात प्रोटामाइन नव्हतं. दुसऱ्यात उरलेलं प्रोटामाइन ट्यूबमधल्या हेपारिनला भेटलं, तर त्याच जोडगोळ्या ट्यूबमध्येही होतील. मग खरी घट किती, हे कसं कळणार?

गुरांचा_डॉक्टर: हे मान्य. पण डोसही जास्त झालाय. १०० युनिटला १ मिग्रॅ हा हिशोब लगेच देण्याचा. अर्ध्या तासात बरंच हेपारिन उतरतं, म्हणून निम्मा, १.५ मिग्रॅ द्या. जास्तीचं प्रोटामाइन स्वतःच प्लेटलेटचं काम बिघडवतं. दहा मिनिटांत हळूहळू सोडा, एकदम दिल्यास रक्तदाब कोसळतो.

शेतकरी_अक्कलकोट: उंदराच्या औषधावर प्रोटामाइन चालत नाही बरं का. ब्रोमाडायोलोनवर के१ जीवनसत्त्वच लागतं, तेही काही आठवडे. के३ देऊन वेळ घालवू नका.

काचपट्टी: दादा, इथे हेपारिनचं चाललंय. सोलापूरकर, औषध एका कानात, नमुना दुसऱ्या कानातून. ५, ३०, ६०, १२० मिनिटांना मोजा. फक्त सलाइन आणि फक्त प्रोटामाइन असे गट आहेत का?

फार्मसी_सोलापूर: नाहीत.

गुरांचा_डॉक्टर: मग आधी प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या, परवाची घाई सोडा. गाइडना ट्यूबची चूक सांगा. हे तीन आकडे प्रबंधात घालू नका.