बोनाफाईड, लॉयल्टी आणि श्रद्धा: या शब्दांची मुळे कोणती?

कोपरीची वाचक
मुलीच्या रेल्वे पासच्या सवलतीसाठी गेल्या आठवड्यात महाविद्यालयातून बोनाफाईड दाखला आणला. ठाणे स्थानकावरच्या रांगेत उभे असताना ‘बोनाफाईड’ म्हणजे नेमके काय, असे तिने विचारले. हे शब्द लॅटिन असून त्यांचा अर्थ ‘सद्भावनेने’ असा आहे, एवढे मला सांगता आले. तिच्या पुढच्या प्रश्नावर मात्र मी अडले. फेथ, ट्रस्ट, बिलीफ, लॉयल्टी हे शब्द अर्थाने शेजारी असूनही रूपाने एकमेकांशी जराही का जुळत नाहीत? जाणकारांनी कृपया सांगावे.

नौपाडेकर
आपल्या दाखल्यातला ‘फाईड’ आणि ‘फेथ’ एकाच घरचे आहेत. दोन्हींचे मूळ लॅटिन ‘फिदेस’, म्हणजे विश्वास किंवा दिलेला शब्द. 1066 साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात व न्यायालयात फ्रेंच रुळली, तेव्हा हा शब्द तिथे पोहोचला. त्या काळच्या फ्रेंच उच्चारात त्याच्या शेवटी ‘थ’सारखा ध्वनी होता; पुढे फ्रेंचांनी तो टाकून दिला, इंग्रजांनी जपून ठेवला. वकिलाकडचे ‘ॲफिडेव्हिट’ हेही त्याच कुळातले असून त्याचा शब्दशः अर्थ ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’ असा होतो.

‘लॉयल’ची गोष्ट मला अधिक रंजक वाटते. ‘लेक्स’ म्हणजे कायदा, त्यावरून ‘लेगालिस’. हाच शब्द फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजत झिजत ‘लॉयल’ झाला आणि विद्वानांनी ग्रंथांतून उचलला तेव्हा ‘लीगल’ राहिला. आपल्याकडे अग्नी तत्सम आणि आग तद्भव, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे मॉलमधले लॉयल्टी कार्ड मुळात प्रेमाचे नव्हे, कायदेशीर बांधिलकीचे ठरते!

घणसोलीचा निवृत्त शिक्षक
नौपाडेकरांनी फ्रेंचांकडून आलेली बाजू मांडली; ‘ट्रू’, ‘ट्रस्ट’ आणि ‘बिलीव्ह’ हे शब्द मात्र जर्मानिक वंशाचे, म्हणजे इंग्रजी आणि जर्मन ज्या भाषाकुळातल्या त्या कुळाचे, आहेत. त्यांतला ‘ट्रस्ट’ इंग्रजीत बहुधा उत्तरेकडच्या नॉर्स लोकांच्या भाषेतून आला. ‘ट्रू’ आणि ‘ट्री’ यांचे मूळ बहुतेक अभ्यासक एकच मानतात आणि ते आपल्या ‘दारु’शी, म्हणजे देवदारातल्या लाकडाशी, जोडतात: जो लाकडासारखा घट्ट, तो खरा.

‘बिलीव्ह’चे मूळ ‘प्रिय मानणे’ या अर्थाकडे जाते. संस्कृतातला ‘लुभ्’ हा धातू त्याचा नातलग, आणि ‘लव्ह’ही त्याच घरातला. हिंदीत ‘लोभ’ म्हटले की हावच आठवते. आपण मात्र पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असे अजूनही लिहितो, तेव्हा तो जुना मायेचा अर्थ आपल्या तोंडी जिवंत आहे.

वाशीहून
म्हणजे हे सर्व शब्द संस्कृतमधूनच निघाले, असे म्हणायला हरकत नसावी. ‘क्रेडिट’ आणि ‘श्रद्धा’ हेही एकच आहेत ना?

घणसोलीचा निवृत्त शिक्षक
हरकत आहे. संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कलकत्त्यात मांडले, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांतले साम्य योगायोगाचे नसून त्या एखाद्या समान मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात आणि ती भाषा कदाचित आज अस्तित्वातही नसेल. या भाषा बहिणी आहेत, मायलेकी नव्हेत. लॅटिन ‘क्रेदो’ (मी विश्वास ठेवतो) आणि आपली ‘श्रद्धा’ या जोडीत लॅटिनचा ‘क’ आणि संस्कृतचा ‘श’ समोरासमोर येतात, जसे ‘केंटुम’ आणि ‘शतम्’ (दोन्हींचा अर्थ शंभर). ‘धा’ म्हणजे ठेवणे. पहिल्या अवयवाचा अर्थ परंपरेने ‘हृदय’ असा लावतात, परंतु आपल्या ‘हृदय’ शब्दात ‘श’ऐवजी ‘ह’ आहे, त्यामुळे तो मुद्दा वादातीत नाही. ‘क्रीड’ (धार्मिक श्रद्धेचे वचन) आणि ‘क्रेडिट’ ही मात्र ‘क्रेदो’चीच अपत्ये.

नौपाडेकर
धर्म आणि पैसा यांची अशीच गाठ आपल्याकडेही आहे. ‘इमान’ आणि बँकेतली ‘अनामत’ हे दोन्ही एकाच अरबी धातूवरून आले.

कोपरीची वाचक
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने हे सर्व वाचून ‘निष्ठा’ कुठून आली, असे विचारले, म्हणून मी कोश उघडला. ‘नि’ आणि ‘स्था’, म्हणजे एका जागी ठाम उभे राहणे. तोच ‘स्था’ ‘स्थान’मध्ये आहे आणि शिलाहारांच्या लेखांतले ‘श्रीस्थानक’ म्हणजे आपले ठाणे! इंग्रजी ‘स्टेडफास्ट’मधला ‘स्टेड’, म्हणजे जागा, हाही याच मुळाचा असल्याचे तिला कळले. राजाने जमीन देऊन पदरी ठेवलेल्या सरदाराला जुन्या इंग्रजीत ‘थेन’ म्हणत आणि त्याचे आजचे स्पेलिंग हुबेहूब ठाण्याचेच आहे. हा निव्वळ योगायोग आहे, हे मी तिला तीनदा बजावले आहे; तरीही ती सध्या शेजाऱ्यांना तेच सांगत सुटली आहे.