उत्तरलेखन सुरूच होत नाही, मदत हवी आहे

मंडळी, लातूरच्या अभ्यासिकेत राज्यसेवेची (एमपीएससीच्या परीक्षेची) तयारी करणारी पोरं-पोरी बसतात. 2025 पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक, 9 पेपर, 1750 गुण. तेवढं बघूनच हातपाय गळतात. टाइमटेबल मात्र रंगीत स्केचपेननं पुन्हा पुन्हा लिहून होतं. (तीही टाळाटाळच, फक्त इज्जतदार.)

सध्या असं चालू आहे: प्रश्न रात्रीच वहीत उतरवून वही टेबलावर उघडी ठेवायची. सकाळचा चहा झाला की फोन बाहेरच्या कप्प्यात, 10 मिनिटांचा गजर, आणि अख्खं उत्तर नाही, फक्त तीन मुद्दे. ‘आज सामान्य अध्ययन’ एवढंच ठरवलं की अडतं, कारण सुरुवात कुठून ते ठरलेलं नसतं. ‘मराठवाड्यातल्या पाणीटंचाईची तीन कारणं’ म्हटलं की हात चालतो.

घोळ पुढं होतो. एक दिवस बुडाला की राहिलेले प्रश्न दुसऱ्या दिवसात कोंबतात, तिसऱ्या दिवशी वहीच बंद. राहिलेलं सरळ सोडायला सांगावं, की रविवारी वेगळा वेळ ठेवावा? मुद्द्यांवरच थांबणाऱ्यांना 150 शब्दांपर्यंत कसं न्यायचं? आणि सोयाबीन काढणीत गावाकडून ये-जा करणाऱ्यांना कोणती वेळ जमते, तेही सांगा.